चौदा पॉइंट सात कशाचे?

गाडीच्या खांबावर बसवलेल्या एअर-फ्युएल गेजवर १४.७ दिसलं की पेट्रोलवाला निश्चिंत होतो. त्याच गाडीत इथेनॉल घातलं आणि गेजवर पुन्हा १४.७ दिसलं की तोच माणूस घाबरून फोन करतो. दोन्ही वेळा इंजिन हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात जाळत असतं. घाबरण्याजोगं काही झालेलं नसतं, पण हा आकडा ज्या रीतीने पडद्यावर येतो ती रीतच माणसाला घाबरवणारी आहे. इथेनॉल आल्यापासून गॅरेजमधला जेवढा वेळ या एका आकड्याने खाल्ला, तेवढा बंद पडलेल्या इंजेक्टरांनीही खाल्ला नसेल. म्हणून ही तक्रार सविस्तर मांडतो.

आधी हिशेब. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, वजनाच्या जवळपास पस्तीस टक्के. त्यामुळे त्याला बाहेरून कमी हवा पुरते, किलोमागे नऊ किलो. दोन्ही मिसळले की आकडा मध्ये कुठेतरी येतो: दहा टक्के इथेनॉल असलेल्या ई१० ला १४.१, आता पंपावर सगळीकडे मिळणाऱ्या ई२० ला सुमारे १३.५, आणि ई८५ ला ९.८. हे आकडे बरोबर आहेत. कुठल्याही तक्त्यात पाहा, असेच सापडतील. माझं भांडण या तक्त्याशी अजिबात नाही.

भांडण सुरू होतं ते तक्ता पाठ करून माणूस गेजसमोर बसतो तेव्हा.

सांगलीकडचा एक मुलगा टर्बो बसवलेली हॅचबॅक घेऊन आला होता. गाडी उत्तम चालत होती. तो म्हणाला, "सर, टाकीत ई२० आहे. मग गेज १३.५ का दाखवत नाही? चौदा पॉइंट सातवर अडकलाय. गाडी लीन चालतेय ना?" त्याने अभ्यास केला होता, त्याचा तक्ता बरोबर होता, आणि निष्कर्ष साफ चुकीचा होता. दोष त्याचा नव्हता. गेजवर 'एअर-फ्युएल रेशो' असं लिहिलं असेल तर तो हवा आणि इंधनाचं गुणोत्तर मोजतो असं कोणीही धरून चालेल.

तो ते मोजत नाही. सेन्सर बसलेला असतो सायलेन्सरच्या पाइपात. तिथे त्याला हवा किती किलो आत गेली हे दिसत नाही, इंधन किती किलो शिंपडलं गेलं हेही दिसत नाही. सगळं जळून गेल्यानंतर जो धूर येतो त्यात ऑक्सिजन उरलाय का, की उलट तो कमी पडलाय, एवढंच त्याला कळतं. वाइडबँड सेन्सरच्या आत सिरॅमिकचा एक छोटा पंप असतो. तो एका बारीकशा पोकळीतला ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत ओढतो, आणि पोकळीतलं वातावरण कायम नेमक्या जळणाच्या बिंदूवर धरून ठेवतो. त्यासाठी किती विद्युतप्रवाह द्यावा लागला आणि कोणत्या दिशेने, ते मोजमाप. प्रवाह शून्य असेल तर जळण नेमकं. या नेमकेपणाचं नाव लॅम्डा, आणि नेमक्या जळणाला लॅम्डा १. पेट्रोल असो, ई२० असो, शंभर टक्के इथेनॉल असो, नेमकं जळालं की लॅम्डा १ च. एकाहून जास्त म्हणजे हवा जास्त, गाडी लीन. एकाहून कमी म्हणजे इंधन जास्त, गाडी रिच.

म्हणजे गेजकडे खरा, इंधनावर न अवलंबणारा, सरळ अर्थाचा आकडा तयार असतो. तो तसाच दाखवायचा सोडून गेज त्याला १४.७ ने गुणतो आणि गुणाकार पडद्यावर टाकतो. कारखान्यात कोणीतरी एकदा ठरवलं की गाडीत पेट्रोल असणार. टाकीत खरोखर काय आहे हे त्या गेजला कधीच कळत नाही. म्हणून त्या मुलाच्या गाडीत ई२० नेमकं जळत होतं, लॅम्डा १ होता, आणि पडद्यावर १ गुणिले १४.७ दिसत होते. इंजिनात खरोखर इंधनाच्या किलोमागे साडेतेरा किलो हवाच जात होती. ते पडद्यावर यायला गेजला कोणीतरी सांगावं लागतं.

आता कोणी म्हणेल, मग सांगा की. बऱ्याच गेजांत इंधन बदलायची सोय असते: पेट्रोल, ई८५, मिथेनॉल, काहींत डिझेल आणि गॅससुद्धा. बटण दाबून ठेवा, आकडे लुकलुकतील, हवं ते निवडा. माझी दुसरी तक्रार याच बटणाबद्दल आहे, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

बटण दाबल्याने सेन्सरचं मोजमाप बदलत नाही, फक्त गुणक बदलतो. ई८५ निवडलं की १४.७ च्या जागी ९.८ ने गुणाकार होतो. पण पडद्यावर कुठेही लिहून येत नाही की आता गुणक बदललाय. मग एकाच गाडीत खांबावरचा गेज ८.३ दाखवतो, ईसीयूला जोडलेल्या लॅपटॉपवर १२.५ दिसतं, आणि मालक विचारतो की यातला खरा कोणता. दोन्ही खरे. ८.३ भागिले ९.८ केलं तर ०.८५ येतं, १२.५ भागिले १४.७ केलं तरी ०.८५ च येतं. इंजिन दोन्ही पडद्यांवर एकच गोष्ट सांगतंय. पण हा भागाकार चालत्या गाडीत, पूर्ण बूस्टवर, डोक्यात कोण करणार?

आणि न करता तो विसरला गेला की नुकसान खरं होतं, आणि ते दोन दिशांनी होतं. पहिली दिशा अशी की कोणीतरी फोनवर सांगतं, "इथेनॉलला नऊ पॉइंट आठ धर." ऐकणाऱ्याचा गेज पेट्रोलच्या गुणकावर असतो. तो मॅपमध्ये इंधन वाढवत जातो. पेट्रोलच्या गुणकावर ९.८ म्हणजे लॅम्डा ०.६७, इतकं रिच की प्लग ओले होतात आणि जादा इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये जातं. त्यात बऱ्याच गेजांची खालची हद्दच १० असते. ९.८ त्या पडद्यावर येऊच शकत नाही. आकडा तळाला टेकतो, इंधन वाढतच राहतं, आणि माणसाला वाटतं की अजून थोडं राहिलंय.

दुसरी दिशा याहून वाईट. गेज ई८५ वर ठेवलेला आहे आणि ट्यून करणाऱ्याच्या डोक्यात पेट्रोलचे आकडे आहेत. त्याला पूर्ण भारावर साडेबारा हवे आहेत, कारण आयुष्यभर साडेबारा हा सुरक्षित आकडा म्हणून त्याने ऐकलेला आहे. गेजवर आठ-साडेआठ दिसतात म्हणून तो इंधन कमी करत जातो. त्या गुणकावर साडेबारा म्हणजे लॅम्डा १.२८. तिथवर पोचायच्या आतच, एकाच्या आसपास लॅम्डा असताना, बूस्टखालच्या इंजिनात पिस्टनवर जे व्हायचं ते होऊन जातं. इथेनॉल स्वतः थंड जळतं आणि त्याला नॉकिंग सहज होत नाही, त्यामुळे सूचनाही उशिरा मिळते. एका न लिहिलेल्या गुणकापायी पिस्टन गेलेलं इंजिन उघडताना मला राग येतो, आणि तो राग ट्यून करणाऱ्यावर नसतो.

सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम, आजीच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. पण सोनं घेताना दोघांनाही विचारायचं सुचतं. "गाडी १२.५ ला ठेवलीय" असं लिहिणाऱ्याला कोणीही विचारत नाही की कुठल्या स्केलवर. मला येणाऱ्या संदेशांत गेजचा फोटो असतो, फोटोत एक आकडा असतो, खाली प्रश्न असतो की बरोबर आहे का. इंधन कोणतं ते नाही, गुणक कोणता ते नाही, गाडी आयडलवर होती की चौथ्या गिअरला पूर्ण थ्रॉटलवर, तेही नाही. त्या फोटोवरून उत्तर देता येत नाही आणि मी देत नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकीवाल्यांची अडचण आणखी गुंतागुंतीची आहे. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू सेन्सरकडे बघून इंधन आपोआप वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट काहीच बघत नाही. ई१० वर नीट जमवलेली बाइक ई२० वर चार-पाच टक्के लीन होते. समजा आधी गेज १३.० दाखवत होता, तर आता साडेतेराच्या आसपास दाखवेल. आणि ई२० चा नेमका आकडा तक्त्यात १३.५ लिहिलेला आहे. मालक दोन्ही जुळवतो आणि समजतो की बाइक अगदी परफेक्ट आहे. प्रत्यक्षात पेट्रोलच्या गुणकावर साडेतेरा म्हणजे लॅम्डा ०.९२, म्हणजे आधीच्या ०.८८ पेक्षा लीन. हवेने थंड होणाऱ्या, चढावर तापणाऱ्या इंजिनाला ते चढाच्या शेवटी जाणवतं. एक साधा योगायोग माणसाला चुकीची खात्री देतो, आणि लॅम्डाच्या आकड्यात तो योगायोग घडलाच नसता.

थंडीतल्या सकाळची तक्रार वेगळी आहे, पण सर्वांत जास्त फोन तिचेच येतात. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. पेट्रोलमध्ये निदान काही हलके घटक असतात जे थंडीतही उडतात. जास्त इथेनॉलच्या इंधनात ते जवळपास नसतात. गार इंजिनात शिंपडलेलं इथेनॉल मॅनिफोल्डच्या भिंतीला आणि सिलिंडरला ओलं चिकटून बसतं. ठिणगी पडते तेव्हा जळायला वाफ पुरेशी नसते, जळण चुकतं, आणि न वापरलेला ऑक्सिजन थेट पाइपात जातो. सेन्सर ऑक्सिजन पाहतो. गेज १७, १८ दाखवतो, कधी नुसत्या रेघा. मालक म्हणतो, गाडी लीन आहे, इंधन वाढवा. प्लग काढून पाहावा तर तो इंधनाने ओलाचिंब. अशा वेळी गेजच्या सांगण्यावरून इंधन वाढवलं तर गाडी सुरूच होत नाही. हे चुकलेलं जळण पेट्रोलवरही गेजला फसवतं, पण इथेनॉलवर ते दर थंड सकाळी फसवतं. इंजिन कोमट होईपर्यंत त्या आकड्याकडे बघूच नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. पण काळोखात नेमका तोच आकडा सगळ्यांत उजळ असतो, आणि माणसं बघतात.

ब्राझीलने हा त्रास आपल्याआधी कितीतरी वर्षं सोसला. १९७५ ला त्यांनी इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, १९७९ ला फियाट १४७ ही फक्त इथेनॉलवर चालणारी गाडी बाजारात आली. थंडीत सुरू व्हावं म्हणून त्या काळच्या गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असायची. ती भरायला विसरलं की सकाळी गाडी सुरू होत नसे. २००९ ला फोक्सवॅगनने पोलोमध्ये इंधन गरम करून इंजेक्टरला द्यायची व्यवस्था आणली आणि ती टाकी गेली. पण मला त्यांच्याकडची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २००३ च्या गोल टोटल फ्लेक्सपासून त्यांच्या फ्लेक्स गाड्या टाकीत किती इथेनॉल आहे हे वेगळ्या सेन्सरशिवाय, सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरूनच ओळखतात. लॅम्डा १ ला आणायला किती जास्त इंधन द्यावं लागलं, त्यावरून ईसीयू मिश्रण काढतो. तिथला ईसीयू कोणत्याही किलोच्या गुणोत्तराच्या मागे जात नाही. तो लॅम्डाच्या मागे जातो आणि इंधन कोणतं ते त्यातून शोधतो. आपण गेजसमोर बसून नेमकं उलटं करतो. इंधन कोणतं ते आधी गृहीत धरतो आणि आकडा त्याच्याशी जुळवत बसतो.

पंपाबद्दलही बोलायला हवं. इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाले त्यात आपलं मिरज आणि मनमाड होतं, तिसरं उत्तर प्रदेशातलं बरेलीजवळचं. उसाच्या पट्ट्यातल्या गाड्यांचं इथेनॉलशी नातं असं जुनं आहे. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह काही ठिकाणच्या पंपांवर इथेनॉल १०० आणलं. नावात शंभर असलं तरी त्यात सुमारे त्र्याण्णव टक्के इथेनॉल, बाकी थोडं पेट्रोल आणि मिश्रण टिकवणारा घटक. अमेरिकेतल्या ई८५ चा नियम तर ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालवून घेतो. म्हणजे ज्या पाटीवर ८५ लिहिलंय तिथे ८५ कधीच नसतं, आणि गेज मात्र ९.८ ने गुणत राहतो.

टाकीत अर्धं ई२० आणि अर्धं इथेनॉल १०० झालं की मिश्रण पन्नास-साठ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी येतं. त्यासाठी गेजवर कोणतं बटण दाबणार? कोणतंच बरोबर नाही. आणि हा काही किरकोळ फरक नव्हे. ई२० वरून इथेनॉल १०० वर गेलं की इंजेक्टरला जवळजवळ चाळीस टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. ज्याला मिश्रण खरोखर जाणून घ्यायचं आहे त्याने इंधनाच्या पाइपात फ्लेक्स सेन्सर बसवावा. तो इथेनॉलचं प्रमाण वारंवारितेत सांगतो, ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. ते परवडत नसेल तर शंभर मिलीच्या मोजपात्रात वीस मिली पाणी आणि ऐंशी मिली इंधन घालून हलवावं आणि ठेवून द्यावं. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर वीसवरून छत्तीसच्या आसपास चढला तर इंधन ई२० आहे. पाच मिनिटांचं काम आहे. गेजकडे तासभर बघून हे कळत नाही.

मोबाइलवाल्यांसाठीही दोन शब्द. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा स्वस्त डोंगल लावून लोक मोबाइलवर 'एएफआर' बघतात आणि तो सरळ रेषेत १४.७ वर असतो. साध्या गाडीत तो आकडा बहुतेक वेळा ईसीयूला हवा असलेला लॅम्डा गुणिले १४.७ असतो. गाडीला काय हवंय ते त्यात दिसतं, काय मिळतंय ते दिसत नाही. त्या ॲपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचा टक्क्यांचा आकडा असतो, तो बघावा. ई१० वरून ई२० वर गेल्यावर ट्रिम चार-पाच टक्के वर चढला तर सगळं ठीक आहे. पंधरा-वीसवर गेला तर गॅरेजला यावं.

गेजच्या कडेला जो रंगीत पट्टा असतो, हिरवा, पिवळा, लाल, तो पेट्रोलच्या आकड्यांवर छापलेला असतो. बटण ई८५ वर गेलं तरी छापलेला पट्टा तिथेच राहतो. लॉगिंगसाठी शून्य ते पाच व्होल्टची तार गेजमधून ईसीयूकडे नेतात आणि गेजची अर्थिंग सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून घेतात. मग दोन पडद्यांत अर्ध्या पॉइंटचा फरक येतो आणि दोष इथेनॉलला दिला जातो. अर्थ इंजिनवरून घ्यावा, एवढंच. इथेनॉल जळताना पाण्याची वाफही जास्त होते, आणि पाइपाच्या खालच्या बाजूला वेल्ड केलेल्या सेन्सरवर ते पाणी साचून तापलेलं सिरॅमिक तडकतं. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर हवा, हे सेन्सरच्या कागदावर चित्रासकट दिलेलं असतं. वेल्डिंग करणाऱ्याला ते चित्र कोणी दाखवत नाही.

माझ्याकडून गाडी जाते तेव्हा गेज लॅम्डावर लावलेला असतो. बरेच जण नाराज होतात. ०.८५ हा आकडा फार लहान वाटतो, त्यावरून काही कळत नाही, मित्रांना सांगता येत नाही. मी त्यांना कागदावर तीन ओळी लिहून देतो: सावकाश चालवताना १, पूर्ण थ्रॉटलला ०.८० ते ०.८७ च्या दरम्यान, आणि बूस्टवर ०.९० च्या वर गेला तर पाय काढा. या तीन ओळी ई२० ला लागू आहेत, इथेनॉल १०० ला लागू आहेत, टाकीत जे काही मिसळलेलं असेल त्यालाही लागू आहेत. पुढच्या वर्षी पंपावरचं प्रमाण बदललं तरी कागद बदलावा लागणार नाही. दशांशानंतरच्या दोन आकड्यांची सवय व्हायला एक आठवडा पुरतो. मग त्यातले काही जण घरी जाऊन बटण दाबतात, आणि गाडी पुन्हा १४.७ वर येते.

म्हणून माझी गेज बनवणाऱ्यांकडे मागणी आहे, आणि ती अवघड नाही. गेज विकताना लॅम्डावर लावून विका. ज्याला गुणाकार हवा आहे त्याला तो करू द्या, पण मग कोणत्या इंधनाचा गुणाकार चाललाय हे पडद्यावर सतत दिसू द्या, निदान एका अक्षराने. किल्ली फिरवल्यावर सेन्सर तापायला तसेही पंधरा-वीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पडद्यावर नुसत्या रेघा चालू असतात. त्या जागी स्केलचं नाव दाखवा.